‘आधी तुमचं तुमचं ठरवा’

ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा येतो. बोलणं चार-पाच शब्दांपुरतं. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. वजन आणि दंडघेर घेतला तर मध्यम कुपोषितात बसतो. जूनमध्ये तपासणीची गाडी आली तेव्हा डॉक्टरांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायची चिठ्ठी दिली. आई नेत नाही. आमच्या आशाताई म्हणतात, अंगात ताकद आली की बोलेल. नर्सबाई म्हणतात, कान तपासा. शाळेतले गुरुजी म्हणतात, हा आमच्याकडे चालणार नाही, खास शाळेत घाला. पर्यवेक्षिका मॅडमना दर महिन्याला त्याचा अहवाल लागतो. मागच्या आठवड्यात मी घरी गेले तर आई माझ्यावरच उखडली. म्हणाली, ‘तुम्ही सगळे येता आणि वेगवेगळं सांगता. आधी तुमचं तुमचं ठरवा.’ आम्ही एकदा सगळे बसलोही होतो. रजिस्टरवर सह्या झाल्या, फोटो झाला, चहा झाला, आणि पोराचा विषय उठता उठता निघाला. दसरा झाला की आई-बाप उसाला जातील. एकत्र बसून ठरवायचं म्हणजे नक्की करायचं काय? आणि मी मानधनावरची बाई, सगळ्यांना बोलावणारी मी कोण?
– एक सेविका

सेविकाताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य त्या आईचं आहे. तुम्ही लिहिता, आई नेत नाही. मला पत्रात तिचा नकार कुठे दिसला नाही. तिनं तुम्हाला एक काम सांगितलंय, आणि ते बरोबर सांगितलंय. तिच्या जागी बसून बघा. एक म्हणते खाऊ घाल, दुसरी म्हणते कान बघ, तिसरे म्हणतात पोरगं आमच्या शाळेत नको, चौथ्यांनी इंग्रजीत खरडलेली चिठ्ठी हातात दिली, आणि पाचव्यांचा दर महिन्याला निरोप, नेलं का म्हणून. यातलं कुणाचं ऐकायचं? अशा वेळी माणूस कुणाचंच ऐकत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथं तर पाच घरं झाली.

बैठक कशी घ्यायची ते सांगते, पण त्याआधी कामाचा आवाका लहान करून घ्या. महिला व बालविकास, आरोग्य आणि शिक्षण या तीन खात्यांचा समन्वय तुमच्या गावात बसून होणार नाही. त्याचे जीआर निघतात, त्याच्या समित्या असतात, ते त्यांना करू दे. तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच की या एका मुलासाठी आजपासून दसऱ्यापर्यंत कोण काय करणार.

आणि कानाचं काम बैठकीसाठी अडवून ठेवू नका. मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही, तुमचंही नाही. पण न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: आधी ऐकू येतं का ते बघायचं, मग पुढचं. दोन वर्षांचं मूल साधारणपणे दोन शब्द जोडायला लागतं, तीन वर्षांचं छोटी छोटी वाक्यं बोलतं. साडेतीनला चार-पाचच शब्द असतील तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून सोडून द्यायची वेळ निघून गेली. आशाताई साफ चुकतात असंही नाही. कुपोषित मूल मलूल असतं, खेळायला उठत नाही, त्याला बोलायचीही उमेद नसते. त्याचं खाणं सुधारायलाच हवं. पण वजन वाढेपर्यंत कान थांबतील, हे काही खरं नाही. पोट आणि कान दोन्हींकडे एकाच वेळी बघता येतं.

‘कधी बघतो, कधी नाही’ हे तुम्ही लिहिलंत तिथे मी थबकले. अशा पोरांना घरात हट्टी ठरवतात, ‘ऐकू सगळं येतं, मुद्दाम करतो’ म्हणतात. कमी ऐकू येणारं मूल समोर चेहरा दिसला, हात हलला, जमिनीला हादरा बसला की वळतं. मागून हाक मारली की वळत नाही. कान वाहणाऱ्या, सदा नाक गळणाऱ्या मुलांना काही दिवस बरं ऐकू येतं आणि काही दिवस येत नाही. ऐकू उत्तम येत असूनही हाकेला न वळणारी मुलंही असतात. तिथे कारण वेगळं असतं आणि ते तज्ज्ञच सांगतील. तुम्ही आणि तुमच्या मदतनीसताईंनी येत्या आठवड्यात फक्त बघायचं आणि लिहायचं. पाठीमागून हाक मारल्यावर काय होतं? पातेल्यावरचं झाकण पडलं तर दचकतो का? हवी ती वस्तू बोटानं दाखवतो, की तुमचा हात धरून ओढत नेतो? दुसऱ्या मुलांचं बघून टाळ्या वाजवतो का? कान वाहतो का? तारीख घालून, घरात बोलतो त्या भाषेत लिहा. ‘प्रतिसाद असमाधानकारक’ असलं अहवालातलं मराठी नको. ‘मागून तीनदा हाक मारली, वळला नाही, ताटली वाजवली तर वळला’ असं लिहा. तुमच्या सगळ्या रजिस्टरांपेक्षा हा एक कागद तिकडच्या डॉक्टरांना जास्त उपयोगी पडेल.

आता बैठक. नवी बैठक बोलावूच नका. महिन्यातला लसीकरणाचा दिवस, म्हणजे कागदावरचा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन, हाच तुमचा दिवस. नर्सबाई त्या दिवशी अंगणवाडीत येतातच, आशाताई बायकांना गोळा करून आणतातच, तुम्ही वजनं घेताच. टोचून झालं की लशीचा डबा परत जायच्या आधीचा अर्धा तास मागा. गुरुजी शाळा सुटल्यावर येऊ शकत असतील तर ठीक, नसतील तर पहिल्या बैठकीला त्यांच्यावाचून काही अडत नाही. का ते पुढे सांगते.

मी बोलावणारी कोण, असं तुम्ही विचारलंत. प्रश्न खरा आहे, आणि मानधनाच्या आकड्यावरून लोक माणसाची किंमत करतात हेही खरं आहे. पण या सगळ्यांत त्या मुलाला रोज बघणारी माणसं दोनच, तुम्ही आणि मदतनीस. तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, नर्सबाई महिन्यातून एकदा. बोलावण्याचा हक्क तुम्हाला तिथून मिळतो. फक्त ‘बैठकीला हजर राहा’ असं म्हणू नका. ज्याला त्याला त्याच्या कामाचं नेमकं एक विचारा. नर्सबाईंना म्हणा, ‘सिस्टर, कानाचं तुम्ही बोललात ते आईला तुमच्याच तोंडून समजावून द्या, माझं ती ऐकत नाही.’ ज्यांचं म्हणणं मनावर घेतलं जातंय, ती माणसं येतात.

आशाताईंचं थोडं वेगळं आहे. त्यांना मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो, आणि या अर्ध्या तासाचा एक रुपयाही कुठल्या फॉर्मवर चढणार नाही. हे विसरून त्यांच्यावर जादा गृहभेटी टाकल्यात तर त्या ‘हो’ म्हणतील आणि जाणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं झालं की त्यांना त्या त्या घरी जावंच लागतं. या मुलाच्या गल्लीत असं एखादं बाळ असेल तर येता-जाता दारात पाच मिनिटं थांबणं, एवढंच त्यांच्याकडे मागा.

पर्यवेक्षिका मॅडमना आधी सांगा. नंतर कळलं की त्यांना वाटतं आपल्याला वगळलं. त्यांना अहवाल लागतो ना, मग बैठकीत तयार होणारा कागदच अहवाल म्हणून द्या आणि वेगळा अहवाल लिहायचं बंद करायची परवानगी मागा. मिळेल. कुणी विचारलंच की हे कुठल्या आदेशानं चाललंय, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली आहे, ती दाखवा. लवकर ओळखायचं, मुलाला इतरांत सामावून घ्यायचं आणि घरच्यांना बळ द्यायचं, आणि आशा, नर्स व तपासणी पथकामार्फत पुढे पाठवायचं, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. म्हणजे तुम्ही मोठेपणा मिरवायला काही काढलेलं नाही.

एक जाता जाता. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होत्या. धाकट्याला सांभाळायला म्हणून घरी राहणारी थोरली पोरगी त्यामुळे धाकट्याला घेऊनच शाळेत येऊ शकत होती. आपण नंतर हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत वाटलं आणि मग ती जोडायला बैठका सुरू केल्या. असो.

आईला बोलावल्याशिवाय ही बैठक घेऊ नका. तुम्ही तिच्या पोराबद्दल तिच्यामागे ठरवणार आणि मग तिला सांगायला जाणार, तर ती पुन्हा उखडेल आणि तिचंच बरोबर असेल. तिचा रोज बुडणार नाही अशी वेळ तिलाच विचारा. आजीला बोलवा, कारण आई-बाप रानात असताना मूल तिच्याकडेच असतं. बापालाही बोलवा, तो येणार नाही असं आपणच आधी ठरवून टाकतो आणि मग बाप लक्ष देत नाहीत म्हणून तक्रार करतो. आणि बसायचं सगळ्यांनी सतरंजीवर. नर्सबाईंना खुर्ची आणि आईला उंबऱ्याजवळची जागा असं झालं की आई फक्त मान हलवते.

पहिलं बोलणं आईचं. ‘काय त्रास आहे’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. दिवस कसा जातो ते विचारा. सकाळी कोण उठवतं, तोंड कोण धुतं, चहाबरोबर काय खातो, अंगणवाडीतून आला की कुणाजवळ असतो, काय हवं असलं की कसं मागतो, कशानं हसतो, कधी रडून गोंधळ घालतो, झोपतो कुणाजवळ. दहा मिनिटं लागतील. कुणी मध्ये सल्ला द्यायला तोंड उघडलं तर तुम्ही गोड बोलून थांबवा. सगळ्यात अवघड काम हेच आहे, कारण आपल्या सगळ्यांच्या जिभेवर सल्ला तयारच असतो. पण या दहा मिनिटांत तुम्हाला जे कळेल ते तपासणीच्या कार्डावर नसतं. कदाचित असं कळेल की मूल सकाळी नुसत्या चहात बुडवलेल्या बिस्किटावर असतं आणि अंगणवाडीतला गरम आहार हेच त्याचं पहिलं धड जेवण. कदाचित असं की आजी त्याला दिवसभर मोबाईल लावून देते, कारण तिचे गुडघे दुखतात आणि तो रस्त्याकडे पळतो. त्या आजीला ‘मोबाईल देऊ नका’ म्हणून निघून येणं सोपं आहे. अंगणाला फाटक कसं लावता येईल हे बोललात तर मोबाईल आपोआप कमी होईल.

मग कागद. एकच पान, मराठीत, आणि त्यावर तीनच कामं. चौथं सुचलं तर पुढच्या महिन्यात. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. ‘सर्वांनी पाठपुरावा करावा’ असं वाक्य लिहिलंत तर समजा कुणीच काही करणार नाही. तुमच्या बाबतीत माझ्या मते पहिलं काम जिल्ह्याच्या दवाखान्यातली कानाची तपासणी, दुसरं घरी सकाळी एक जादा खाणं, आणि तिसरं दिवसातल्या दोन ठरलेल्या वेळी त्याच्याशी बोलायची एकच पद्धत, जी घरी आजी आणि अंगणवाडीत मदतनीस सारखीच वापरतील. आईला यातलं एखादं पटलं नाही तर ते खोडा आणि तिच्या मनातलं लिहा. पान वाचून दाखवा, एक प्रत तिच्याकडे ठेवा. आणि त्याच पानावर लिहून टाका की यापुढे घरी निरोप एकाच माणसानं न्यायचा. बहुधा ते तुम्हीच असाल. पण आईचं आशाताईंशी जास्त जमत असेल तर त्यांना करू द्या, रुसू नका. बाकीच्यांनी जे सांगायचं ते या एकीमार्फत.

यातलं दवाखान्याचं काम जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गाडी तिथेच अडलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याची रचना चांगली आहे: पथकानं गावात येऊन तपासायचं आणि सहा वर्षांखालच्या, वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, कान आणि वाचा तपासणारे, मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशी माणसं एका जागी असावीत अशी तिथली कल्पना. पण चिठ्ठी आणि केंद्र यांच्यामध्ये जो रस्ता आहे त्याची जबाबदारी प्रत्यक्षात कुणीच घेत नाही. आईला त्या रस्त्याची भीती आहे. मोठं हॉस्पिटल, कुठल्या खिडकीत उभं राहायचं माहीत नाही, दिवसाचा रोज बुडणार, आणि शेवटी ‘साहेब आज नाहीत, सोमवारी या’.

तेव्हा पथकातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना नर्सबाईंकरवी फोन करून घ्या आणि कान तपासणारे कुठल्या वारी बसतात ते विचारा. तोच वार धरा. बरोबर कोण जाणार ते पानावर लिहा. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. म्हणजे आई आणि तिच्याबरोबर जाणारी बाई यांचं मिळून एका तिकिटाइतकंच भाडं होतं. हा हिशोब तिच्यासमोर मांडा. ‘खर्च होणार’ या भीतीपेक्षा आकडा नेहमी लहान निघतो. बुडणाऱ्या रोजाचं मात्र तसं नाही, तो खराच बुडतो. गावच्या आरोग्य व पोषण समितीच्या अबंधित निधीतून, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या पैशातून, काही देता येईल का ते सरपंचांना विचारा, आणि नाही म्हणाले तर कामाचा खाडा कमीत कमी होईल असा दिवस निवडा. पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, ती चिठ्ठी आणि तुमच्या निरीक्षणाचा कागद. मूल झोपलेलं असताना करायचीही एक कानाची तपासणी असते, बेरा म्हणतात तिला. तिच्यासाठी दुसऱ्यांदा बोलावतील अशी शक्यता आईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिला हेलपाटा वाटणार नाही. मुंबईत वांद्र्याला वाक् आणि श्रवण दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पण तिथवर जायची वेळ येईल की नाही ते जिल्ह्याच्या तपासणीनंतर ठरेल. आज तिचं नाव काढून आईला घाबरवू नका.

अंगणवाडीतलं काम तुम्हाला मी काय सांगणार. एवढंच की त्याला बाजूला घेऊन ‘बोल, बोल’ करू नका. जेवणाच्या वेळी त्याच्या ताटलीत थोडं कमी वाढायचं, समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, आणि त्यानं बघितलं, हात पुढे केला, काही आवाज काढला की ‘अजून? अजून पाहिजे?’ म्हणून लगेच वाढायचं. दर वेळी तोच शब्द, तोच हावभाव. घरी आजीनंही भाकरी देताना तेच करायचं. हात धुताना दुसरा एक शब्द. हे काम खरं तर मदतनीसताईंचं आहे, कारण वाढतात त्या, हात धुतात त्या, दारातून उचलून आणतात त्या. आणि त्यांनाच आपण बैठकीच्या वेळी चहा करायला पाठवतो! या वेळी चहा राहू दे, त्यांना सतरंजीवर बसवा.

गुरुजींबद्दल तुम्हाला राग आहे असं दिसतं. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. दोन शिक्षक, चार वर्ग आणि त्यात न बोलणारं एक मूल. पण मूल आत्ता साडेतीनचं आहे. पहिलीला अजून अवकाश आहे, आणि तोवर हा मुलगा कुठवर येईल हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत शाळेचा विषय नको. आईच्या डोक्यात ‘खास शाळा’ हे दोनच शब्द राहतील आणि बाकी सगळं वाहून जाईल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे, ज्याचं अपंगत्व ठरलेल्या प्रमाणाइतकं आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा खास शाळेत मोफत शिकता येतं, आणि निवड घरची असते, शाळेची नसते. हे गुरुजींना सांगायची वेळ येईल तेव्हा येईल. तोवर त्यांच्याकडून एक चांगलं काम करून घ्या: समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात, गुरुजी त्यांना ओळखतात. त्यांनी त्या शिक्षकांना एकदा तुमच्या अंगणवाडीत आणलं तर शाळा या मुलासाठी आतापासूनच कामाला लागली असं होईल. नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच टप्पा धरलाय. गुरुजींना ते प्रशिक्षणात ऐकवलेलं असणार.

तुमच्यात मतभेद होतील. आशाताई आणि नर्सबाई यांचं आत्ताच जुळत नाहीये. भांडायचं तर भांडा, पण आई यायच्या आधी पंधरा मिनिटं, आणि ती आल्यावर एकच बोला. आणखी एक, यात मी फार कडक आहे: मुलाचं नाव, फोटो, व्हिडिओ गावच्या किंवा बीटच्या (मॅडमच्या हाताखालच्या अंगणवाड्यांच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. ‘आज या बालकाच्या विकासासाठी बैठक संपन्न झाली’ असा फोटो फिरला की संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर त्या पोराला मुका म्हणायला लागतात, आणि ते नाव त्याला लग्नापर्यंत पुरतं. मॅडमना फोटो हवाच असेल तर सतरंजीवर बसलेल्या तुम्हा कर्मचाऱ्यांचा काढून पाठवा.

राहिला दसरा. ऊसतोडीला जाणाऱ्या घराचं कुठलंही नियोजन ऑक्टोबरमध्ये तुटतं, म्हणून ते आधीच पानावर यायला हवं. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असेल तर कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, जाणारच. ‘जाऊ नका’ हा सल्ला देण्याच्या भानगडीत पडू नका. मूल आजीजवळ राहणार की बरोबर जाणार, हे घरानं ठरवायचं. राहिलं तर तुमचा कागद तसाच चालू, फक्त आजीचे गुडघे आणि ते फाटक लक्षात ठेवा. गेलं तर कुठला कारखाना, टोळी कुठे उतरणार, मुकादमाचा नंबर काय, हे निघायच्या आधी लिहून घ्या. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर स्थलांतराची सोय आहे, ती नोंद करा, पण ॲपवर नाव सरकलं म्हणजे मूल तिथल्या अंगणवाडीत पोचलं असं धरू नका. तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात फडाच्या कडेला, अंगणवाडी असते गावात, आणि आई पहाटेच उसात गेलेली असते. तिथल्या सेविकेला तुम्ही स्वतः फोन करा. ओळख नसली तरी करा. आपल्यातली बाई आपल्या बाईला नाही म्हणत नाही. तो एक कागद आईजवळ असेल तर तिला तिथे पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागणार नाही.

दुसरी बैठक तपासणीचा रिपोर्ट हातात आल्यावरच्या लसीकरणाच्या दिवशी. ऐकू कमी येतं असं निघालं आणि श्रवणयंत्र मिळालं, तर ते रोज कानात कोण घालणार, सेल कुठून आणायचे, उसाच्या पाचटात आणि धुळीत ते कसं जपायचं, ही तुमची पुढची तीन कामं. कान ठीक निघाले तर वाचा-उपचारासाठी जिल्ह्याला किती वेळा जावं लागेल आणि मधल्या दिवसांत घरी काय करायचं, हे तिथल्या तज्ज्ञांकडून मराठीत लिहून आणा. कानात नुसता मळ किंवा पाणी निघालं तर औषधाचा कोर्स पुरा करवून घ्या आणि पुन्हा तपासायची तारीख लगेच घ्या. रिपोर्टमध्ये काय आहे ते, मुलाचं नाव न घालता, मला कळवा. दसऱ्याच्या आत कळवलंत तर उत्तर पुढच्याच सदरात देईन.